बिघडलेले सर्किट दुरुस्त करण्याआधी: छंदातील इलेक्ट्रॉनिक्स, चुका आणि त्यांच्या नोंदी

सातपूरकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये चुकांतूनच माणूस शिकतो हे वाक्य फार सहज बोलले जाते. माझे निरीक्षण वेगळे आहे. सर्किट चालले नाही की बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांतच संशय असलेला भाग काढून नवा लावतात, दोन-तीन वायरी हलवून पाहतात, प्रोग्राम पुन्हा चढवतात आणि यांपैकी कशामुळे तरी सर्किट चालू झाले की समाधानाने पुढे जातात. सर्किट दुरुस्त होते, परंतु चूक कोणती होती हे कळण्याचा मार्ग त्याच क्षणी बंद होतो, कारण बिघडलेल्या अवस्थेतील सर्किट हाच त्या चुकीचा एकमेव पुरावा असतो. म्हणून रविवारी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी एकच आग्रह करतो: आधी मोजा, मग लिहा आणि त्यानंतरच हात लावा, हात लावताना एका वेळी एकच गोष्ट बदला.

एक उदाहरण देतो. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ७८०५ (व्होल्टेज ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारा आयसी) लावून ५ व्होल्ट घेतले आणि त्यावर अर्धा अँपिअर घेणारी एलईडीची पट्टी जोडली, तर पट्टी काही मिनिटे चालते, विझते आणि थोड्या वेळाने पुन्हा लागते. ‘आयसी खराब निघाला’ असे म्हणून नवा ७८०५ लावला जातो, तोही तसाच वागतो आणि मग दुकानदाराला बोल लावला जातो. प्रत्यक्षात आयसीच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज आणि त्यातून जाणारा करंट मोजला, तर १२ वजा ५ म्हणजे ७ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर यांचा गुणाकार ३.५ वॅट येतो. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसताना या आकाराच्या आयसीचे तापमान दर वॅटमागे साधारण ५० ते ६५ अंशांनी वाढते, म्हणजे ३.५ वॅटला हिशेबाने पावणेदोनशे अंशांहून अधिक वाढ होते. नाशिकच्या एप्रिलमधील चाळीस अंशांची खोली त्यात मिळवा. तो आयसी खराब नव्हता. आतील संरक्षणामुळे तो स्वतःला बंद करून घेत होता, म्हणजे नेमून दिलेले काम चोख करत होता. ही गोष्ट ज्याने आकड्यांतून पाहिली, तो पुढच्या वेळी बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न होता व्होल्टेज उतरवणारे सर्किट) का वापरायचा हे स्वतःच सांगतो.

दुसरे उदाहरण आयआरएफ५४० या मॉस्फेटचे, म्हणजे विजेवर चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे. मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम चालवणाऱ्या चिपच्या) पिनवरून मोटर चालवताना तो भाजण्याइतका तापतो आणि मोटर मंद फिरते. माहितीपत्रकात २ ते ४ व्होल्टचा थ्रेशोल्ड वाचून ‘५ व्होल्ट पुरेसे आहेत’ असा समज होतो, परंतु तो आकडा मॉस्फेट जेमतेम चालू होऊ लागण्याचा असतो. त्याचा कमी रोध गेटवर, म्हणजे नियंत्रणाच्या पिनवर, १० व्होल्ट असतानाचा दिलेला असतो. ड्रेन आणि सोर्स या मुख्य करंटच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला की तिथेच एक-दोन व्होल्ट अडकलेले दिसतात आणि सगळा उलगडा होतो. आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हलचा, म्हणजे ५ व्होल्टवरच नीट चालू होणारा, भाग कशासाठी बनवतात, हे त्या एका मापावरून जितके पक्के कळते तितके नुसत्या सांगण्यावरून कळत नाही.

नोंदीविषयी थोडे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेमध्ये (विजेने हलणाऱ्या स्विचमध्ये) पतंग हा किडा अडकलेला सापडला, तेव्हा तिथल्या माणसांनी तो फेकून न देता नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला आणि शेजारी वेळ लिहिली. ते पान आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्या वहीत पतंग नसेल, पण जळालेला भाग एका पुडीत घालून, त्यावर तारीख आणि मोजलेली व्होल्टेज लिहून ठेवायला काय हरकत आहे?

सदस्यांना विनंती आहे की त्यांनी आपले अनुभव लिहावेत, मात्र ‘जळले आणि बदलले’ एवढ्यावर न थांबता काय दिसले, काय मोजले आणि त्यावरून काय अनुमान काढले, हे क्रमाने लिहावे.

---

मोजमाप | २७ ऑक्टोबर, रात्री १०:३४

धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. आपण दिलेली दोन्ही उदाहरणे अशी आहेत की ती चूक घडण्याचीच गरज नव्हती. ३.५ वॅटचा गुणाकार सर्किट जोडण्याआधी कागदावर करता आला असता आणि मॉस्फेटचे माहितीपत्रक आधीच नीट वाचता आले असते. पाच व्होल्टवर लाल एलईडी लावायचा असेल तर एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३ व्होल्टना १० मिलिअँपिअरने भागले की ३०० ओहम येतात आणि बाजारात मिळणारा ३३० ओहमचा रेझिस्टर लावायचा, हे समजण्यासाठी कोणी एलईडी जाळून पाहू नये. चुकांचे कौतुक करता करता आपण नव्या मुलांना आकडेमोड टाळण्याची सवलत तर देत नाही ना, अशी मला काळजी वाटते.

माझ्या मते ज्या चुकीतून खरोखर शिकायला मिळते, ती हिशेब बरोबर असूनही घडलेली चूक होय. अशा वेळी हिशेबात जी गोष्ट धरलीच नव्हती ती समोर येते. सीएमओएस आयसीची वापरात नसलेली इनपुट पिन तशीच सोडली, तर ४०१७ हा काउंटर नुसता हात जवळ नेला तरी पुढे सरकतो, कारण ती पिन घरातील ५० हर्ट्झची वीज हवेतून टिपते. कागदावरच्या आकृतीत हात आणि घराची वायरिंग काढलेली नसते. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता भाग जोडण्याच्या पाटीच्या) काही नमुन्यांत कडेची वीजपट्टी मध्यभागी तुटलेली असते, हेही तसेच. म्हणून जोडण्यापूर्वी आपल्याला काय मापे अपेक्षित आहेत ते वहीत लिहावे आणि मगच वीज द्यावी. अपेक्षा लिहिलेली नसेल तर मिळालेले माप चुकीचे आहे हेसुद्धा कळत नाही.

---

सातपूरकर | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

मोजमाप यांची सूचना मी तशीच्या तशी स्वीकारतो. अपेक्षित माप आधी लिहिण्याची पद्धत माझ्या आग्रहात नव्हती आणि ती हवी.

---

वर्गाबाहेर | २८ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत विद्यार्थ्यांचा छोटा गट चालवते, म्हणून मुलांच्या बाजूने थोडे लिहिते. निफाडकडच्या आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी द्राक्षबागा आहेत आणि थंडीत तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरले की घरातील मोठी माणसे रात्री जागी असतात. त्यामुळे रात्रीच्या तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र करावे, ही कल्पना मुलांकडूनच आली. पहिल्यांदा त्यांनी डीएचटी११ हा तापमानाचा सेन्सर वापरला. त्याची अचूकता दोन अंश इकडे-तिकडे असल्यामुळे ४ आणि ६ अंशांतला फरक, जो बागेसाठी निर्णायक असतो, त्यातून विश्वासाने कळतच नव्हता. मग डीएस१८बी२० हा सेन्सर आणला. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे.

सकाळी नोंदी पाहिल्या तर ७, ६.५, ६.५ अशा आकड्यांच्या मध्येच ८५ आणि एका ठिकाणी उणे १२७ असे आकडे आले होते. मुलांनी ते ‘चुकीचे’ म्हणून खोडून टाकले आणि उरलेल्या आकड्यांचा सुंदर आलेख काढला. सातपूरकर पुराव्याविषयी जे म्हणतात ते मला इथे नेमके जाणवले. ते दोन आकडे म्हणजे सेन्सरने स्वतःच्या अडचणीविषयी दिलेली अत्यंत स्पष्ट माहिती होती. वीज मिळताच त्या सेन्सरच्या स्मृतीत ८५ हाच आकडा असतो आणि १२ बिटांचे मापन पूर्ण व्हायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढे न थांबता वाचले, किंवा मध्येच त्याची वीज क्षणभर गेली, की ८५ मिळतात. उणे १२७ हे तापमान नसून ‘सेन्सर सापडला नाही’ असे लायब्ररीने (सेन्सर वाचणाऱ्या तयार प्रोग्रामने) दिलेले उत्तर असते. म्हणजे दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवत होत्या: वायर कुठेतरी सैल आहे. शोधल्यावर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरजवळचा सोल्डरचा सांधा नुसता टेकलेला निघाला.

तेव्हापासून आमच्या गटात कोणताही आकडा खोडायला परवानगी नाही. त्याच्याभोवती गोल करायचा आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढायचे. मुलांना चुकीचे ओझे वाटू नये, हेही यातून आपोआप साधते, कारण गोल केलेला आकडा सोडवायला त्यांच्यात स्पर्धा लागते.

---

रोपवाटिका | २८ ऑक्टोबर, रात्री ८:४८

सातपूरकर काका आणि इतर सर्वांना नमस्कार. माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या रोपांची छोटी रोपवाटिका आहे. उंचावरील टाकीतून ठिबकला पाणी सोडण्यासाठी मी ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर चालणारे यंत्र केले आहे. शेतातील थ्री-फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री येत असल्याने यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवले आहे. बॅटरी खोलीत आहे, तिथून ३० मीटर वायरने रोपांजवळच्या पेटीपर्यंत वीज नेली आहे, पेटीत एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर ५ व्होल्ट करतो आणि रिलेद्वारे १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये वीज दिली की उघडणारी झडप) उघडतो. व्हॉल्व्ह साधारण एक अँपिअर घेतो. दर १२ तासांनी अर्धा तास पाणी द्यायचे, एवढेच काम आहे.

अडचण अशी की काही वेळा अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह बंद होतो आणि लगेच पुन्हा उघडून आणखी अर्धा तास पाणी देतो. हे रोज होत नाही. मी नवा ईएसपी३२ विकत आणला आहे आणि उद्या बदलणार होतो, पण हा धागा वाचून थांबलो आहे. काय मोजू?

---

सातपूरकर | २८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

थांबलात हे फार चांगले केले. नवा बोर्ड तसाच ठेवा.

आपल्या वर्णनातच एक मोठा धागा आहे. बंद झाल्यावर लगेच पुन्हा पूर्ण अर्धा तास पाणी सुरू होते, याचा अर्थ प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होत असावा, म्हणजे ईएसपी३२ रिसेट होत असावा. तो व्हॉल्व्ह उघडताना रिसेट होतो की बंद होताना, हा पहिला प्रश्न. उघडताना होत असेल तर वीज कमी पडत असण्याचा संशय येतो आणि बंद होताना होत असेल तर कॉइलमधून येणाऱ्या झटक्याचा. ईएसपी३२ मध्ये मागील रिसेटचे कारण सांगणारे फंक्शन असते. प्रोग्राम सुरू होताच ते कारण आणि क्रमांक फ्लॅश स्मृतीत लिहून ठेवा आणि काही दिवस दुसरे काहीही बदलू नका.

---

मोजमाप | २८ ऑक्टोबर, रात्री ११:०२

तोपर्यंत वायरीचा हिशेब करून ठेवू. वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर तांब्याचा रोध दर मीटरला सुमारे ०.०३५ ओहम येतो. ३० मीटर जाणे आणि ३० मीटर येणे मिळून ६० मीटरचे सुमारे २.१ ओहम होतात आणि एक अँपिअरला २.१ व्होल्ट वायरीतच पडतात. परतीची वायर हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. बॅटरी १२.४ व्होल्टवर असेल तर व्हॉल्व्ह उघडा असताना पेटीत १०.३ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. ही माझी अपेक्षा. प्रत्यक्षात किती येतात ते कळवावे. एलएम२५९६ ला ५ व्होल्ट देण्यासाठी तेवढे पुरेसे आहेत, म्हणून वीज कमी पडण्याचा संशय मला तरी थोडा कमी वाटतो, पण मापाआधी तो सोडायचा नाही.

---

वायरमन_ओझर | २९ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

चर्चा चांगली चालली आहे, तरीही या विषयाला एक सीमा आहे आणि ती कोणीतरी लिहिणे गरजेचे आहे. मी वायरमन म्हणून काम करतो. बॅटरीवरच्या १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये चूक झाली तर ती मोजता येते, लिहिता येते. २३० व्होल्टमध्ये चूक करून शिकण्याची संधी मिळेलच याची खात्री नसते. तिथे ‘आधी चूक होऊ दे, मग पुरावा पाहू’ ही पद्धत चालत नाही.

बंद पडलेला एसएमपीएस (घरच्या विजेवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय) उघडून पाहणाऱ्या मुलांसाठी सांगतो. २३० व्होल्ट हे सरासरीसारखे माप आहे. त्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते आणि आतला मोठा कंडेन्सर तेवढ्या डीसीपर्यंत भरतो. बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो, कारण त्याला रिकामे करणारा रेझिस्टरच तुटलेला असू शकतो. दुरुस्त केलेले उपकरण पहिल्यांदा थेट बोर्डात लावू नये. तारेचा जुना ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून द्यावे. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बाकी काही जळत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा आणि त्याचे टेस्टचे बटण मधूनमधून दाबून पाहावे. शाळेतील मुलांनी तर बॅटरी किंवा चांगल्या प्रतीचा तयार अडॅप्टर यापलीकडे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. मल्टिमीटरची लाल वायर करंटच्या सॉकेटमध्ये राहिली आणि त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला गेले, की मीटरच स्वतः शॉर्ट होतो. कमी व्होल्टेजवर फ्यूज जातो; घरच्या विजेवर स्वस्त मीटर हातात फुटू शकतो. करंट मोजून झाला की वायर त्याच क्षणी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावावी.

---

वर्गाबाहेर | २९ ऑक्टोबर, दुपारी १:४०

वायरमनदादा, आपला प्रतिसाद छापून आमच्या खोलीत लावते आहे. आमच्याकडे फक्त बॅटरीवर काम होते, परंतु मुले घरी जाऊन काय उघडतात हे आम्हाला दिसत नाही.

---

रोपवाटिका | २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

काका, नोंदी मिळाल्या. या दिवसांत जेवढे रिसेट झाले ते सर्व व्हॉल्व्ह बंद होण्याच्या क्षणी झाले. उघडताना एकही नाही. कारणांमध्ये काही वेळा ‘पॅनिक’ (प्रोग्राम कोलमडला) आणि काही वेळा ‘वॉचडॉग’ (प्रोग्राम अडकून पडला) असे लिहिलेले आहे. ‘ब्राउनआउट’ (व्होल्टेज कमी पडले) हे कारण एकदाही आलेले नाही. मोजमाप दादा, बॅटरीवर १२.४ आणि पेटीत व्हॉल्व्ह उघडा असताना १०.२ व्होल्ट मिळाले, आणि बक कन्व्हर्टरचे ५ व्होल्ट तेव्हाही स्थिर होते.

---

सातपूरकर | २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आता अंदाजाला फारशी जागा उरली नाही. वीज कमी पडत असती तर ब्राउनआउटची नोंद व्हायला हवी होती आणि बहुधा ती उघडताना झाली असती. व्हॉल्व्हची कॉइल बंद करताना रिलेचा संपर्क सुटतो, परंतु कॉइलमधून वाहणारा करंट एका क्षणात थांबू शकत नाही. तो वाट शोधतो, संपर्कांमध्ये ठिणगी पडते, शेकडो व्होल्टचा झटका तयार होतो आणि त्याचा गोंगाट शेजारच्या वायरींतून ईएसपी३२ पर्यंत पोहोचतो. रिलेच्या स्वतःच्या कॉइलवर मॉड्यूलमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, म्हणून अनेकांना वाटते की झाले. व्हॉल्व्हची कॉइल ही वेगळी आणि कितीतरी मोठी कॉइल आहे, तिला तिचा स्वतःचा डायोड लागतो.

१एन४००७ हा डायोड व्हॉल्व्हच्या दोन टोकांवरच लावा, पेटीत नको. पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लागला तर तो बॅटरीचा सरळ शॉर्ट होईल, म्हणून वीज देण्याआधी दोनदा पाहा आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर आधी फ्यूज बसवा. डायोडमुळे व्हॉल्व्ह बंद व्हायला किंचित अधिक वेळ लागतो. पाण्याच्या कामात त्याने काही बिघडत नाही. आणि यंत्र पुन्हा सुरू केल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहा.

---

रोपवाटिका | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

२ अँपिअरचा फ्यूज आणि डायोड बसवला. आज दुपारी बरोबर १२ वाजता यंत्र सुरू केले. वहीत लिहिले आहे. आत्ताच पहिले पाणी पूर्ण झाले, व्हॉल्व्ह बंद झाला आणि बंदच राहिला.

---

रोपवाटिका | २३ डिसेंबर, सकाळी ९:५०

धागा पुन्हा वर काढतो आहे. डायोड बसवल्यापासून आजवर एकही रिसेट झाला नव्हता. काल रात्री मात्र विचित्र प्रकार घडला. रात्री १२ वाजता पाणी सुरू झाले ते अर्ध्या तासाने थांबलेच नाही. पहाटे पावणेपाचला वडील रोपांकडे गेले तेव्हा सगळीकडे पाणी साचले होते आणि पेटीतील रिले एकसारखा टकटक वाजत होता. ते मला उठवून घेऊन येईपर्यंत पाच वाजून काही मिनिटे झाली होती आणि यंत्र आपोआप शांत होऊन व्हॉल्व्ह बंद झाला होता. मी काहीही हात लावलेला नाही. रिसेटची नवीन नोंद नाही. यंत्र चालू आहे, फक्त आज पुढचे पाणी किती वाजता येते ते पाहणार आहे. टाकीची तोटी मात्र हाताने बंद केली आहे.

---

मोजमाप | २३ डिसेंबर, सकाळी ११:२५

मला वाटते की उत्तर आपल्याच वहीत आहे. यंत्र ३ नोव्हेंबरला दुपारी १२ वाजता सुरू झाले. अर्डुइनोच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मिलिस हे फंक्शन यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या संख्येत देते. ती संख्या ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जाऊ शकत नाही. तिथून ती पुन्हा शून्यावर येते. तेवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि सुमारे ४७ सेकंद. ३ नोव्हेंबरच्या दुपारी १२ मध्ये ते मिळवले की २३ डिसेंबरची पहाट येते, ५ वाजून २ मिनिटे.

आपण प्रोग्राममध्ये ‘पुढची उघडण्याची वेळ = आत्ता + १२ तास’ असे लिहून नंतर ‘आत्ता त्या वेळेपेक्षा मोठे आहे का’ असे तपासत असणार. मध्यरात्री पाणी सुरू झाले तेव्हा पुढची वेळ आज दुपारची होती, जी शून्याच्या पलीकडे असल्याने अगदी लहान संख्या झाली. त्यामुळे ‘आत्ता’ तिच्यापेक्षा सतत मोठे ठरले, व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उघडण्याचा हुकूम मिळत राहिला आणि प्रत्येक हुकमाबरोबर बंद होण्याची वेळ अर्धा तास पुढे ढकलली गेली. ४ वाजून ३२ मिनिटांनंतर बंद होण्याची वेळही शून्यापलीकडे जाऊ लागली, म्हणून उघडा आणि बंद करा हे दोन्ही हुकूम आळीपाळीने सुटू लागले. वडिलांनी ऐकलेली टकटक तीच. दोन तपासण्यांमध्ये आपण एखाद्या सेकंदाचा विराम ठेवला असावा. ५ वाजून २ मिनिटांनी सगळे शांत झाले.

हे बरोबर असेल तर पुढचे पाणी आज दुपारी १२ वाजता येणार नाही. ते संध्याकाळी ५ वाजून २ मिनिटांच्या सुमारास येईल. हे माझे अपेक्षित माप समजावे.

उपाय एका ओळीचा आहे. पुढची वेळ साठवू नका. मागची वेळ साठवा आणि ‘आत्ता वजा मागची वेळ’ ही वजाबाकी १२ तासांएवढी झाली का ते तपासा. चिन्ह नसलेल्या ३२ बिटांच्या संख्यांची वजाबाकी शून्य ओलांडल्यावरही बरोबरच येते. मोजणाऱ्या संख्येची मर्यादा न पाहणे ही चूक फार मोठ्या ठिकाणीही झालेली आहे: ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या रॉकेटचे पहिले उड्डाण अवघ्या चाळीसेक सेकंदांत संपले, कारण ६४ बिटांतील एक मूल्य १६ बिटांत न मावल्याने दिशादर्शक यंत्रणा बंद पडली, आणि तो प्रोग्राम आधीच्या एरियन ४ वर बिनतक्रार चाललेला होता.

---

रोपवाटिका | २३ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

दुपारी १२ वाजता रिले हलला नाही. ५ वाजून २ मिनिटांनी हलला. विरामही एक सेकंदाचाच आहे. दादा, प्रोग्राम न पाहता आपण हे सांगितलेत.

---

सातपूरकर | २३ डिसेंबर, रात्री ८:४०

यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की पहिली चूक दुसरीला झाकत होती. कॉइलच्या झटक्याने यंत्र दर काही दिवसांनी रिसेट होत असे, त्यामुळे मिलिस कधी पन्नास दिवसांपर्यंत पोहोचतच नव्हते. डायोड बसला, यंत्र अखंड चालू लागले आणि म्हणूनच आतली दुसरी चूक बाहेर आली. नवा ईएसपी३२ बसवला असता तर आज त्या बोर्डावर, डायोडवर आणि बॅटरीवर एकाच वेळी संशय आला असता. ३ नोव्हेंबरची दुपारी १२ ची नोंद नसती तर पहाटेचे ५ वाजून २ मिनिटे हा नुसता योगायोग वाटला असता.

वजाबाकीची दुरुस्ती कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. व्हॉल्व्ह कोणत्याही कारणाने सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त उघडा राहिला तर तो बंद करणारी स्वतंत्र तपासणी ठेवा. पाणी ठरावीक घड्याळी वेळेला हवे असेल तर डीएस३२३१ हे घड्याळ लावा; त्याचा फरक वर्षाकाठी मिनिटभराच्या आसपास राहतो. आणि दुरुस्ती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी आणखी पन्नास दिवस वाट पाहू नका. ती परीक्षा टेबलावर घेता येते.

---

रोपवाटिका | २६ डिसेंबर, रात्री ९:३०

काका, परीक्षा घेतली. व्हॉल्व्ह काढून त्याच्या जागी एलईडी लावला आणि प्रोग्राममध्ये मिलिसऐवजी स्वतःचे फंक्शन लिहिले, जे मिलिसमध्ये ४,२९,४९,०७,२९६ मिळवून देते, म्हणजे यंत्र सुरू केल्यावर बरोबर एका मिनिटात संख्या शून्यावर येते. १२ तासांऐवजी दोन मिनिटे आणि अर्ध्या तासाऐवजी वीस सेकंद ठेवले. मोजमाप दादांच्या सूचनेप्रमाणे काय दिसायला हवे ते आधी वहीत लिहिले.

जुन्या प्रोग्रामवर एलईडी पहिली चाळीस सेकंद लागलेला राहिला, पुढची वीस सेकंद उघडझाप करत राहिला आणि मिनिट पूर्ण होताच विझला. वडिलांनी पाहिले आणि रात्रीचा आवाज असाच होता असे सांगितले. नव्या प्रोग्रामवर तो वीस सेकंदांनी विझला, शून्य ओलांडले तरी विझलेलाच राहिला आणि सुरुवातीपासून बरोबर दोन मिनिटांनी पुन्हा लागला. नंतर बंद करण्याची ओळ मुद्दाम काढून पाहिली, तेव्हा जास्तीत जास्त वेळेच्या तपासणीने तो बंद केला. आज दुपारी ३ वाजता यंत्र पुन्हा रोपांजवळ बसवले आहे आणि १४ फेब्रुवारीच्या सकाळी ८ वाजून २ मिनिटांवर वहीत खूण केली आहे.